छुप्या ओळखींचे तर्क: खरा कोणता आणि ओढूनताणून केलेला कोणता, हे ठरवायचे कसे?

प्रश्न

(पुढे रहस्यभेद आहे. पाचही पुस्तके वाचलेली नसल्यास कृपया इथेच थांबावे.)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मालिका मी सध्या पुन्हा वाचत आहे आणि २००५ साली आलेल्या चौथ्या पुस्तकापर्यंत, म्हणजे 'अ फीस्ट फॉर क्रोज'पर्यंत, पोहोचलो आहे. पहिल्या वाचनात जी पात्रे नुसती येऊन गेली होती, त्यांतली बरीचशी आता मला संशयास्पद वाटू लागली आहेत. मौनव्रती बंधूंच्या बेटावर थडगे खणणारा लंगडा माणूस म्हणजेच सँडर क्लेगेन, हा फॅन मंडळींचा तर्क मला पूर्णपणे पटतो. मात्र पाचव्या पुस्तकातली सेप्टा (धर्मसेविका) लेमोर म्हणजे समुद्रात उडी घेतलेली अशारा डेन, हा जवळजवळ तितकाच लोकप्रिय तर्क काही केल्या गळी उतरत नाही. अडचण अशी की दोन्ही तर्कांची मांडणी वरवर पाहता सारखीच आहे: एका बाजूला ज्याचा मृत्यू आपल्याला प्रत्यक्ष दाखवलेला नाही असे पात्र, आणि दुसऱ्या बाजूला ज्याचा भूतकाळ कोणीच सांगितलेला नाही असे पात्र. मग एक तर्क पटणे आणि दुसरा न पटणे हा निव्वळ माझ्या आवडीनिवडीचा भाग आहे, की मजकुरातच त्यासाठी काही आधार सापडतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आधार मजकुरातच आहे आणि तो तुम्ही निवडलेल्या दोन उदाहरणांत अगदी स्पष्ट दिसतो.

ब्रिएन ही स्त्री-योद्धा त्या बेटावर जाते ते प्रकरण पुन्हा सावकाश वाचा. तिथला मठाधिपती तिला सांगतो की हाउंड (म्हणजे शिकारी कुत्रा, हे सँडरचेच टोपणनाव) मेला, पण सँडर क्लेगेनबद्दल बोलताना मात्र तो आता विसावला आहे, असे शब्द वापरतो. हे तो सांगण्याआधीच आपण एका धिप्पाड, लंगडत चालणाऱ्या नव्या बंधूला थडगे खणताना पाहिलेले असते. आर्या स्टार्क या मुलीने सँडरला मरणाच्या दारात सोडले तेव्हा त्याच्या मांडीला जखम झालेली होती, हे आपण तिसऱ्या पुस्तकात वाचलेले असते. मठातले बंधू डोक्यावरून टोपडे ओढून घेतात आणि काही जण चेहऱ्याचा खालचा भाग लोकरी पट्ट्याने झाकतात, त्यामुळे भाजलेला चेहरा लपवायला याहून सोयीची जागा नाही. तबेल्यात सँडरच्या घोड्यासारखाच एक काळा, कोणालाही जवळ येऊ न देणारा घोडा आहे. आणि सगळ्यांत मनाला भिडणारी गोष्ट म्हणजे, प्रवाशांसोबत आलेला कुत्रा त्या खणणाऱ्याला हुंगायला जातो तेव्हा तो हातातले फावडे टाकून कुत्र्याचा कान खाजवतो. जखम, घोडा, वेश, मठाधिपतीची शब्दयोजना आणि कुत्रा या पाच खुणांपैकी एकही दुसरीवर अवलंबून नाही. एखादी गाळली तरी उरलेल्या चार उभ्याच राहतात.

आता लेमोरकडे वळू. तिच्या बाजूने ठोस पुरावा म्हणावा असा एकच आहे: तिच्या पोटावर बाळंतपणाच्या खुणा आहेत आणि त्या टिरियनने पाहिल्या आहेत. एवढ्यावरून ती कधी काळी आई झाली होती, इतकेच सिद्ध होते. अशाराबद्दल जो जो बोलतो तो तिच्या जांभळ्या डोळ्यांबद्दल बोलतो, ते डोळे विसरता येत नाहीत असे पुन्हापुन्हा सांगितले जाते. लेमोर ज्या होडीवर आहे तिथेच असलेला टिरियन यंग ग्रिफ या तरुण सहप्रवाशाच्या डोळ्यांचा रंग आणि त्याच्या रंगवलेल्या केसांशी त्या रंगाचा असलेला मेळ बारकाईने टिपतो, पण लेमोरच्या डोळ्यांविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. ज्या माणसाच्या नजरेतून आपण पाहतो आहोत, तोच नेमकी ती खूण वगळत असेल, तर त्या मौनाला विरोधी पुरावा मानलेच पाहिजे.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी सहमत आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते, ती लेखकाच्या सवयीची. या मालिकेतल्या सगळ्याच छुप्या ओळखी अजून गुलदस्त्यात नाहीत, काही लेखकाने स्वतःच उघड केल्या आहेत, आणि त्या उघड करताना त्याने कोणते नियम पाळले हे आधी पाहायला हवे.

१९९८ सालच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी डॅनेरिसला पांढऱ्या दाढीचा म्हातारा अर्स्टन भेटतो आणि २००० सालच्या तिसऱ्या पुस्तकात तो बॅरिस्टन सेल्मी, म्हणजे राजरक्षकांचा माजी प्रमुख, असल्याचे कळते. विंटरफेल या स्टार्क घराण्याच्या किल्ल्यात धोबिणींना बरोबर घेऊन आलेला एबल नावाचा गायक म्हणजे उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या टोळ्यांचा राजा मान्स रेडर, हे पाचव्या पुस्तकात कळते. मान्स पूर्वीही गायकाच्या वेशात त्याच किल्ल्यात शिरला होता, आणि हे त्याने दोन पुस्तके आधी जॉनला स्वतःच सांगून ठेवले आहे. म्हणजे वेश बदलणाऱ्याकडे नेहमी सबळ कारण असते, त्याचे कसब आधीच दाखवलेले असते, आणि उलगडा झाला की कथा लगेच नव्या वाटेला लागते.

याच नियमाने चौथ्या पुस्तकाची प्रस्तावना वाचा. ओल्डटाउनमध्ये पेट नावाचा विद्यार्थी एका अनोळखी किमयागाराला एक किल्ली विकतो, मोबदल्यात मिळालेले सोन्याचे नाणे दातांनी चावून पाहतो आणि तिथेच कोसळतो. किमयागार चेहऱ्यावरचे टोपडे मागे सारतो तेव्हा दिसते ते असे: भरलेले गाल, आकड्यासारखे नाक, उजव्या गालावर पुसट व्रण, कानांभोवती दाट काळे कुरळे केस. आता दुसरे पुस्तक काढून जेकन हगार हा मारेकरी आर्यासमोर चेहरा बदलतो तो उतारा उघडा. तेच गाल, तेच नाक, त्याच गालावर व्रण, तेच केस! दोन उताऱ्यांमध्ये सात वर्षांचे आणि एका मोठ्या पुस्तकाचे अंतर असूनही वर्णन इतके जुळावे, हा योगायोग मानणे मला शक्य नाही. पुढे शेवटच्या प्रकरणात सॅमवेलला ओल्डटाउनच्या सिटाडेल या विद्यापीठात भेटणारा एक जण स्वतःचे नाव पेट असे सांगतो. मेलेला मुलगा चालतो-बोलतो आहे, आणि पहिल्या वाचनात ही गोष्ट आपल्या नजरेतून निसटून जाते. हा उलगडा लेखकाने अजून शब्दांत केलेला नाही, पण माझ्या मते तो तर्काच्या पलीकडे गेलेला आहे.

प्रतिसाद ३

खुणा जुळल्या म्हणजे ओळख पटली, या निष्कर्षाबाबत मी थोडी सावधगिरी सुचवीन. 'व्हील ऑफ टाइम' या दुसऱ्या मालिकेच्या वाचकांनी माझ्रिम टाइम हे पात्र म्हणजेच डेमँड्रेड हा खलनायक आहे, असा तर्क वर्षानुवर्षे अत्यंत बारकाईने मांडला होता आणि तो वाचताना कोणालाही पटावा असाच होता. लेखक रॉबर्ट जॉर्डन यांनी तो स्पष्टपणे नाकारला, आणि २०१३ साली आलेल्या अखेरच्या पुस्तकात डेमँड्रेड शारा नावाच्या दूरच्या देशातून सैन्य घेऊन प्रकट झाला.

या मालिकेतही असे उदाहरण आहे. भिंतीपलीकडे सॅमवेलला आणि नंतर ब्रॅनला मदत करणारा, काळ्या थिजलेल्या हातांचा कोल्डहँड्स म्हणजे नाइट्स वॉच या भिंतीच्या रक्षकदलातून बेपत्ता झालेला ब्रॅनचा काका बेंजेन स्टार्क, असे बहुसंख्य वाचक मानत होते. नाइट्स वॉचचे काळे कपडे, झाकलेला चेहरा, ब्रॅनविषयी आस्था, सगळे जुळत होते. पण पाचव्या पुस्तकात त्याला फार पूर्वीच मारले गेले असे म्हटले आहे, आणि जी लीफ हे सांगते तिचे आयुष्य शतकांत मोजावे लागते, तिच्या 'फार पूर्वी'त बेंजेन बसत नाही. पुढे हस्तलिखिताच्या समासात संपादकाने हाच प्रश्न विचारलेला आणि लेखकाने त्यावर 'नाही' असे लिहिलेले आढळले. २०१६ साली मालिकेच्या दूरचित्रवाणी रूपात हे काम बेंजेनलाच दिले, ही गोष्ट वेगळी. पडद्यावरचा उलगडा पुस्तकाला लागू होतोच असे नाही, हे जॉन स्नोच्या जन्माबाबतही लक्षात ठेवावे लागते. जॉन हा नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार टारगेरियन यांचा मुलगा आहे, असा तर्क आहे. तो तर्क १९९७ पासून इंटरनेटवर मांडला जात आहे, पडद्यावर तो २०१६ मध्ये खरा ठरला, आणि पुस्तकांत मात्र आजही त्याला उघड पुष्टी नाही. अर्थात त्या तर्कावर माझा स्वतःचा पूर्ण विश्वास आहे, कारण नेड स्टार्कच्या मनात आपल्या मुलांचा विचार येतो तेव्हा जॉन त्या यादीत नसतो, ही एकच गोष्ट मला पुरेशी वाटते.

प्रश्नकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. लेमोरच्या डोळ्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मग यंग ग्रिफचे काय? तो रेगारचा वाचलेला मुलगा एगॉन असल्याचे तर हेरांचा प्रमुख व्हॅरिस मरणाऱ्या केव्हन लॅनिस्टरला सांगतो, आणि मरणाऱ्या माणसाशी खोटे बोलून त्याला काय मिळणार? शिवाय विंटरफेलमध्ये थिऑनला भेटणारा टोपडेवाला कोण, यावरही मत द्यावे.

प्रतिसाद ४

यंग ग्रिफच्या बाबतीत उघड झालेली ओळखच खोटी असावी, असे मला वाटते. केव्हन मरतो त्या खोलीत व्हॅरिसची लहान मुले, त्याचे हेर, हजर आहेत, म्हणजे तो एकट्या केव्हनशी बोलत नाही. दुसरे असे की, ब्लॅकफायर या टारगेरियन राजघराण्याच्या बंडखोर अनौरस शाखेसाठी उभे राहिलेले गोल्डन कंपनीचे भाडोत्री सैन्य चालू करार मोडून याच मुलाच्या मागे उभे राहते, आणि व्हॅरिसचा साथीदार इलिरियो याच्या तोंडी ब्लॅकफायरचा पुरुषवंश संपल्याचे विधान येते. वंश पुरुषांकडून संपला असे कोणी इतके नेमके सांगतो, तेव्हा स्त्रियांकडून तो चालू असावा अशी शंका येणारच.

मात्र माझी सर्वांत आवडती खूण चौथ्या पुस्तकात, ब्रिएनच्या प्रवासातच आहे. एका खाणावळीच्या पाटीवर काळ्या लोखंडाचा ड्रॅगन होता. तो ब्लॅकफायरचे चिन्ह समजून तिथल्या सरदाराने फोडला आणि तुकडे नदीत फेकले. पुष्कळ वर्षांनी त्याचे एक डोके मौनव्रती बंधूंच्या बेटाला लागले, तेव्हा ते गंजून लाल झालेले होते. काळा ड्रॅगन पाण्यावाटे परत येतो आणि टारगेरियनांच्या लाल रंगाचा दिसतो, ही हकिकत सेप्टन मेरीबाल्ड सहज गप्पांच्या ओघात सांगतो आणि पुढे चालू लागतो. प्रवासातली ही एवढीशी गोष्ट लेखकाने वाया घालवली असेल, असे मला वाटत नाही.

टोपडेवाल्याबाबत मी नाव घेणार नाही, कारण खुणा तेवढ्या नाहीत. हार्विन, रॉबेट ग्लोव्हर, हॅलिस मोलन, अगदी थिऑनचे स्वतःचेच मन, इथपर्यंत तर्क केले गेले आहेत. मजकुरातून निघते ते इतकेच की तो थिऑनला पाहताक्षणी ओळखतो आणि त्याला स्वकीयांचा मारेकरी म्हणतो. ब्रॅन आणि रिकन या स्टार्क मुलांना थिऑनने मारले असे लोक मानतात, पण थिऑन रक्ताने ग्रेजॉय, स्टार्क नव्हे. त्यामुळे ब्रॅन आणि रिकन हे थिऑनचे भाऊच, असे ज्याला आजही मनापासून वाटते, असाच कोणीतरी तो असणार, आणि हे वाटायला त्याने थिऑनला त्या अंगणात लहानाचे मोठे होताना पाहिलेले असायला हवे.