‘पितळी ताटल्या’ म्हणणाऱ्या बारा_मात्रांना

नाक्यावरचा_ड्रमर (डोंबिवली)

काल ड्रमरांच्या या गटावर बारा_मात्रा यांनी लिहिलं, “पितळी सिंबल म्हणजे जेवणाच्या ताटल्या. ज्याला बी-ट्वेंटी परवडत नाही त्याने पैसे साठेपर्यंत रबरी पॅडवर रियाज करावा.” (नवख्यांसाठी: सिंबल म्हणजे ड्रमसेटवरची धातूची झांज, बी-ट्वेंटी म्हणजे २० टक्के कथील असलेलं महागडं ब्राँझ.) खाली वाहवांचा पाऊस. रात्री उत्तर लिहायला घेतलं, बायको म्हणाली झोपा आता. झोप कुठली.

साहेब, माझा पहिला हायहॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी सिंबलची जोडी, पितळीच होता. १४ इंची, नाव घासून गेलेलं, गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या ड्रमरकडून हप्त्याने घेतलेला. उघडा वाजवला की पत्र्याच्या शेडवर पाऊस. पण पाय घट्ट ठेवून काठीच्या टोकाने वाजवला की स्वच्छ ‘चिक’ यायचा. तो काढायला मला त्याच भिकार जोडीने शिकवलं. वरची पात खाली आणि खालची वर करून बघितली, आवाज आणखी सुधारला. पैसे साठवत बसलो असतो तर आज बँकेत असतो, ड्रमवर नाही.

आणि नुसत्या धातूवर आवाज ठरत नाही. पाइस्टी कंपनीची २००२ ही सिंबलची मालिका १९७१ पासून चालू आहे. ती बी-एट, म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. तीही ताटलीच का?

पैसे कमी असतील तर पहिला पैसा हायहॅटवर, दुसरा राईडवर, म्हणजे ठेका चालू ठेवणाऱ्या मोठ्या सिंबलवर. क्रॅश, म्हणजे मधेच जोरात फुटणारा सिंबल, एका गाण्यात आठ वेळा वाजतो, हायहॅट आठशे वेळा. लोक नेमकं उलटं करतात, कारण क्रॅश फोटोत छान दिसतो.

बारा_मात्रा (पुणे)

भावना पोचल्या. पण वकिली चुकली. २००२ पितळी नाही, ब्राँझ आहे. पितळात कथील नसतं, जस्त असतं. ब्राँझचा दाखला देऊन तुम्ही पितळाला जामीन मिळवताय. आणि त्या २००२ ची किंमतही लिहा की इथे, बजेटवाल्यांना कळू दे.

मी १८ वर्षं शिकवतोय. दर जूनला पोरं येतात, सेटबरोबर फुकट आलेल्या ताटल्या घेऊन. सहा महिन्यांत ती सिंबल टाळायला लागतात, कारण आवाज त्यांना स्वतःलाच सोसत नाही. मग सगळा हात स्नेअर ड्रमवर. कान एकदा बिघडला की सरळ करायला मला दोन वर्षं लागतात, ती दोन वर्षं तुम्ही भरून देणार का?

नववीच्या_मुलाची_आई

नमस्कार, नेमकं हेच विचारायचं होतं. बजेट १५ हजार, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली सोसायटीचे सेक्रेटरी. काय घेऊ?

पॅडवाला_सुन्या

ताई, ऑक्टापॅड घ्या, काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड, विषय संपला. त्यात १६ इंची क्रॅश, चायना सिंबल, घुंगरू, काच फुटल्याचा आवाज सगळं आहे. आवाज छोटा करा, सेक्रेटरी खूश.

बारा_मात्रा (पुणे)

आलेच हे. अहो, या पॅडनेच वाट लावली. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पूर्वी खरा ड्रमसेट असायचा, आता कोपऱ्यात एक माणूस उभ्याने टकटक करतो आणि दर अंतऱ्याला तोच क्रॅश, त्याच ताकदीचा, तितक्याच सेकंदांचा. हळू मारला तरी जिवंत सिंबल फुलत जातो. पॅडला फक्त आवाज कमी-जास्त कळतो.

पॅडवाला_सुन्या

ड्रमसेट टेम्पोत चढवायला तुम्ही येता का पहाटे तीनला? मी येतो. माझ्या पाठीला विचारा.

पास्कू_वसईकर

तुमचं भांडण चालू दे. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये नवा सिंबल कोण घेतो? आमची माणसं जहाजावर वाजवायला जायची, परत येताना एखादा सिंबल कपड्यांत गुंडाळून आणायची. माझा २० इंची राईड तसाच आलेला, सेबियन कंपनीचा, बी-ट्वेंटी. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत पडला. बारा_मात्रा साहेबांचा धातू आणि ड्रमरभाऊंचं बजेट, दोन्ही जमलं.

फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायचा. उजेडात धरून कडेवरून नख फिरवायचं. नख अडलं तर चीर आहे, मग तो कितीही गोड बोलू दे, उठायचं. मधलं भोक बघायचं, गोल नसून लांबट झालं असेल तर मालकाने स्टँडच्या दांडीवर नळी न घालता वर्षानुवर्षं वाजवलंय. स्टँडवर नळी नसेल तर पेट्रोलच्या पाइपचा तुकडा चालतो, फेल्ट, म्हणजे सिंबलखालची मऊ चकती, संपलं तर जुन्या चपलेची चकती. आणि वरचा नट गच्च आवळू नका रे, सिंबलला डोलू द्या! चीर छोटी असेल तर टोकाला ड्रिलने भोक पाडून थांबवतात, पण ते आपल्याच सिंबलला करायचं, विकत घेताना नाही.

नाक्यावरचा_ड्रमर (डोंबिवली)

पास्कूभाऊ, तुमच्याकडे जहाजं आहेत. परभणीच्या पोराने काय करायचं?

टाळकरी_मोरे (आळंदी)

माफ करा, मधे बोलतो. चाळीस वर्षं टाळ वाजवतोय. ड्रम-बिम कळत नाही, पण कांसं कळतं. पितळी टाळाला आवाज असतो, काशाच्या टाळाला नाद असतो. मागच्या आषाढीला एका दुकानदाराने काशाचे म्हणून वजनावर टाळ दिले, भाव काशाचा लावला. वाटेत एक दगडावर पडला आणि कड वाकली. वाकली म्हणजे संपलं, पितळ! कांसं वाकत नाही, फुटतं. तांबं आणि जस्त बरोबर पडलं की कांसं कसं, नुसतं बोट लागलं तरी बोलतं.

भट्टीवाला (सांगली)

मोरेकाका, जस्त नाही हो, कथील! तांबं आणि जस्त म्हणजे पितळ, तांबं आणि कथील म्हणजे कांसं. आपल्या काशात साधारण ७८ ला २२ असं प्रमाण धरतात, सिंबलच्या बी-ट्वेंटीत ८० ला २०. म्हणजे आजीची काशाची वाटी आणि झिल्जन कंपनीचा ‘के’ सिंबल सख्खे नाही तरी चुलत भाऊ. झिल्जन घराण्याचा कारखाना १६२३ साली इस्तंबूलात सुरू झाला, पण ही जातकुळी त्याहून फार जुनी.

गंमत सांगतो. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. इतक्या कथिलाचं ब्राँझ तसंच बुडवलं की उलट नरमतं, ठोकता येतं. म्हणूनच ते पत्र्यासारखं पातळ करून हातोडीने घडवता येतं, नाहीतर पहिल्या घावाला तुकडे.

टाळकरी_मोरे (आळंदी)

जस्त म्हणा नाहीतर कथील, आम्हाला आमच्या वडिलांनी जे सांगितलं ते सांगितलं. तुम्ही पुस्तक वाचता, आम्ही टाळ वाजवतो.

भट्टीवाला (सांगली)

पुस्तक नाही काका, माझ्या वडिलांची भट्टी होती. कल्हईवाला भांड्याला लावतो ते कथील. जस्त लावून दाखवा बरं.

फोंडेकर

आमच्या गोव्यात घुमट आरतीला कांसाळें असतं. घुमट हे मातीचं वाद्य, शामेळ नगाऱ्यासारखं आणि कांसाळें म्हणजे काशाची झांज. देवळात ते सुरू झालं की बाकी कोणाचं काही ऐकू येत नाही, तुमचे टाळ त्यापुढे पैंजण. बजेटमध्ये क्रॅश हवा असेल तर...

टाळकरी_मोरे (आळंदी)

पैंजण? एका दिंडीत या, मग बोलू. शंभर टाळ एका ठेक्यावर पडतात तेव्हा छातीत वाजतं. आवाज मोठा म्हणजे नाद मोठा नव्हे.

बारा_मात्रा (पुणे)

हे वाक्य मोरेकाका माझ्यासाठी बोलले. धन्यवाद. मी सकाळपासून हेच सांगतोय.

नाक्यावरचा_ड्रमर (डोंबिवली)

काका तुमच्या बाजूने नाहीत. काका कोणाच्याच बाजूने नाहीत.

एक सांगायचं राहिलं. पहिला पगार झाल्यावर मी वापरलेला १६ इंची ब्राँझ क्रॅश घेतला होता. त्यावर छान काळपट डाग, मऊ आवाज. दिवाळीत आईने समईबरोबर तोही चिंच लावून काथ्याने घासला. लखलखीत! नाव गेलं, आणि माझ्या कानाला तरी आवाज चरचरीत झाला. आई म्हणाली, आता कसा नवा दिसतो. काय बोलणार. तेव्हापासून घरी सिंबल पिशवीतच.

बारा_मात्रा (पुणे)

म्हणजे पहिल्या पगारात तुम्हीही पितळ नाही, ब्राँझच घेतलंत. वा. तुमचीच साक्ष तुमच्यावर उलटली.

चला, अर्धा तुमचा. शिकणाऱ्याने बंद हायहॅट पितळी घेतला तर मी गप्प बसेन. राईड मात्र नाही, कधीच नाही. पितळी राईडवर काठीचा ठोका ऐकूच येत नाही, सगळा घोंघाट वर येतो.

नाक्यावरचा_ड्रमर (डोंबिवली)

बारा मात्रांतल्या सहा मिळाल्या. चालेल. राईडचं तुमचं मान्य, पण ‘ताटली’ शब्द मागे घ्या.

बारा_मात्रा (पुणे)

वाटी म्हणतो. काशाची.

नववीच्या_मुलाची_आई

माझा प्रश्न वर कुठेतरी आहे. १५ हजार, तिसरा मजला.

पास्कू_वसईकर

ताई, पहिल्यांदा वापरलेला १४ चा ब्राँझ हायहॅट शोधा, सगळं सोडून तेवढाच. मुलाच्या सरांना बरोबर न्या. त्यांना वाजवायला सांगा आणि तुम्ही दहा पावलं लांब उभ्या राहा, वाजवणाऱ्याच्या कानाला आणि लांबच्या कानाला वेगळं ऐकू येतं. उरलेल्या पैशांत राईड, घाई नको. क्रॅश पुढच्या वर्षी.

बारा_मात्रा (पुणे)

यावर माझी हरकत नाही. घरच्या रियाजाला बारीक भोकांचे जाळीदार सिंबल येतात, आवाज अगदी कमी. पण ते स्वस्त नाहीत, १५ त बसवायचे तर हायहॅट जाईल. तोवर रबरी पॅड. (हे मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.)

पॅडवाला_सुन्या

किंवा ऑक्टापॅड.

नववीच्या_मुलाची_आई

सगळ्यांची आभारी आहे. शनिवारी सरांबरोबर हायहॅट बघायला जातोय.

भट्टीवाल्यांचं ते चुलत भावाचं मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, ती चूक झाली. सासूबाई ज्या काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासतात ती आत्ता स्टँडपाशी सापडली. भोक नव्हतं म्हणून वाचली. चिरंजीव विचारतायत, ड्रिल कोणाकडे मिळेल. कृपया कोणीही उत्तर देऊ नये.