झुलू वस्तीची प्रतिकृती : मांडणी, ढाली आणि उच्चार यांबद्दल माहिती हवी

खानापूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. शालेय प्रदर्शनासाठी आठवीची मुलं दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांवर टेबल मांडायलेत. जागा चार फूट बाय चार फूट. सध्याचा बेत असा आहे: मधोमध राजाचं मोठं घर, भोवती सरळ रांगेत झोपड्या, पुढे भाले फेकणारे योद्धे, आणि मागे शाका राजा, ब्रिटिशांशी झालेली १८७९ ची लढाई, वेशभूषा व लग्नाच्या चाली यांचे तक्ते. सामान इथलंच घेणार: कारवी, भाताचं पिंजर, माती, शेण. मांडणी बरोबर आहे का? ढाली कुठल्या रंगाच्या करायच्या? नावं कशी म्हणायची? एका तक्त्यावर ‘लोबोला म्हणजे हुंडा’ असं लिहिलंय, ते चालेल का?

---

माळावरचं_गवत

मास्तर, पहिली दुरुस्ती मधोमधच आहे. तिथे घर नको, गोठा पाहिजे. झुलू वस्तीला उमुझी म्हणतात. तिच्या मध्यभागी गुरांचा गोल वाडा असतो, तो इसिबाया. घरं त्याच्याभोवती चंद्रकोरीसारखी, आणि सगळ्यांना घेणारं बाहेरचं कुंपण. सरळ रांग कुठेच नाही. जागा उताराची निवडतात, म्हणजे पाणी आणि मूत खाली वाहून जातं. मुख्य दार खालच्या अंगाला, आणि त्याच्या समोर, चढाच्या टोकाला, इन्ड्लुन्कुलू म्हणजे मोठं घर. दाराजवळची खोपटी अविवाहित पोरांची.

तुमच्या फळीवर हे असं बसेल. मागच्या बाजूला फळीखाली एक वीट आडवी घाला, उतार मिळतो. बाहेरचं कुंपण १०० सेंटिमीटर व्यासाचं, आतला गोठा ४५ चा, घरं १० सेंटिमीटर रुंद आणि ६ उंच. सात घरं पुरेत. डिंगान राजाच्या उम्गुन्गुंड्लोवू या राजधानीत हजाराहून जास्त झोपड्या होत्या, पण ती छावणी आणि राजवाडा एकत्र होता. साध्या कुटुंबाची वस्ती म्हणजे एक कर्ता, त्याच्या बायका, प्रत्येकीचं वेगळं घर.

घराचा सांगाडा कारवीचा करू नका. एवढ्या लहान मापात वाळलेली कारवी वाकताना तुटते. खराट्याच्या काड्या दोन तास कोमट पाण्यात भिजवा. बारा काड्या एका दिशेने कमानीसारख्या रोवा, बारा त्यांना आडव्या, आणि जिथे छेदतात तिथे दोऱ्याने बांधा. खऱ्या घरातही फांद्या अशाच दोन्हीकडून वाकवून गवताच्या दोरीने बांधतात. चूक होते ती इथे: सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या कापल्या की घुमटाऐवजी पिंप तयार होतं. मधली काडी २० सेंटिमीटर, कडेकडेला उतरत्या मापाने ८ पर्यंत. आच्छादनाला पिंजर जाड दिसतं आणि ओल लागली की बुरशी धरते. डोंगरातलं बारीक लांब गवत घ्या आणि वरून दोऱ्यांची जाळी आवळा.

दार इतकं ठेंगणं करा की माणूस रांगतच आत जाईल. खिडकी नाही, धुराडं नाही. मधल्या चुलीचा धूर गवतातून झिरपतो, त्याने कीड लागत नाही. एका घराचा अर्धा भाग उघडा ठेवा म्हणजे आतलं दाखवता येईल: आत शिरल्यावर उजवीकडे पुरुष बसतात, डावीकडे बायका. दारासमोरची मागची जागा उम्सामो. ती पूर्वजांची. बळीचं मांस आणि बिअर तिथे ठेवतात, कोणी बसत नाही. देव्हारा म्हटलं की आपल्या लोकांना लगेच कळेल, फक्त तिथे मूर्ती मांडू नका.

जमीन वारुळाच्या मातीची, धुम्मसून वर शेणाने सारवलेली आणि दगडाने घोटून चकचकीत केलेली. आपल्याकडे चालतं वारूळ कोणी फोडत नाही, आणि फोडूही नये. सोडून दिलेल्या वारुळाची पडझड झालेली माती दोन ओंजळी भरपूर होते.

आणि एक गोष्ट नक्की दाखवा: गोठ्याच्या जमिनीखालचं पेव. तोंड अरुंद, पोट फुगीर, तोंडावर दगड आणि त्यावर शेण. धान्य शत्रूला सापडत नाही आणि किड्यांपासून वाचतं. कडेचे दाणे ओलीने आंबतात, तो त्याचा दोष. आपल्या भागातल्या आजोबा-आजींना हे पेव बघताक्षणी ओळखू येईल. आत ज्वारी घाला. ज्वारी मूळची आफ्रिकेचीच आहे.

---

ढालीची_कातडी

वरच्या प्रतिसादाला जोडून ढालींचं सांगतो, कारण त्या गोठ्यातूनच निघतात.

शाकाने (राज्यकाळ १८१६ ते १८२८) एका वयाच्या तरुणांच्या पलटणी बांधल्या, त्यांना अमाबुथो म्हणतात. पलटणीची मोठी ढाल इसिह्लांगू ही शिपायाची नव्हे, राजाची मालमत्ता. राजाच्या कळपातल्या गुरांची कातडी, एका कातड्यातून साधारण दोन ढाली. कळप रंगांप्रमाणे वेगळे राखत, म्हणून पलटणीची ढाल एका रंगाची दिसे. नव्या पलटणींना काळ्या किंवा गडद, अनुभवी लोकांना जास्त पांढरा असलेल्या. त्यामुळे एकाच ओळीत काळी, तांबडी, ठिपक्यांची ढाल मिसळू नका. १८७९ च्या काळात लहान ढालही जास्त वापरात होती, साधारण साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद, नाव उम्बुम्बुलुझो.

ढालीवर मधोमध दिसतात त्या दोन उभ्या ओळी रंगवलेल्या नसतात. कातड्याला चिरा पाडून त्यातून वेगळ्या रंगाची पट्टी ओवलेली असते, आणि तीच पाठीमागची काठी धरून ठेवते. पुठ्ठ्यावरही ब्लेडने चिरा पाडून कापडाची पट्टी ओवा. रंग मारलात तर काठी सुटते आणि ढाल वाकते.

भाले फेकणारे योद्धे ठेवायचे असतील तर शाकाचं नाव त्यांच्याशी जोडू नका. त्याची खूण म्हणजे इक्ल्वा: आखूड दांड्याचा, फूटभर लांब आणि रुंद पात्याचा, जवळून भोसकायचा भाला. फेकायचे भाले पुढेही राहिले, पण लढाईचा निकाल इक्ल्वावर. डाव म्हशीच्या शिंगांचा: मधली छाती शत्रूला गुंतवते, दोन्ही शिंगं बाजूंनी घेरतात, मागे कंबर म्हणजे राखीव फळी. बेळगावात हे मांडताय म्हणजे परीक्षक गनिमी काव्याशी तुलना करणारच. तसं नाही. ही उघड्या मैदानातली घेरायची लढाई आहे, तिला मोठी आणि शिस्तीची फौज लागते.

तक्त्यावर हे लिहा. ११ डिसेंबर १८७८ ला ब्रिटिशांनी निर्वाणीचा खलिता दिला, त्यातली मुख्य मागणी पलटणी मोडण्याची. पुरुषाला लग्नाची परवानगी राजा पलटणीगणिक देत असे, आणि मग डोक्यावर इसिकोको हे कडं चढे. म्हणजे पलटण मोडणं म्हणजे घरसंसाराची सगळी घडी मोडणं. तेव्हाचा राजा चेट्श्वायो ती मागणी मान्य करूच शकत नव्हता. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवाना इथे सुमारे २०,००० झुलूंनी ब्रिटिश छावणी उद्ध्वस्त केली, छावणीकडचे १३०० हून अधिक मेले. ४ जुलैला उलुंडी या राजधानीजवळ झुलूंचा पराभव, आणि राज्याचे १३ तुकडे.

वेशभूषेत दोन चुका नेहमी होतात. लाल चादर पांघरलेला माणूस मसाई असतो, तो पूर्व आफ्रिकेतला. आणि बिबट्याचं कातडं राजघराण्याचं आणि मुख्यांचं, ते सरसकट सगळ्यांना चढवू नका.

शाकाच्या क्रौर्याच्या गोष्टी तक्त्यावर जपून घ्या. बऱ्याचशा नथॅनिएल आयझॅक्स आणि हेन्री फिन या व्यापाऱ्यांच्या लिखाणातून आल्या आहेत, आणि राजांना जितकं रक्तपिपासू रंगवता येईल तितकं रंगव असं आयझॅक्सने १८३२ साली फिनला पत्राने कळवलं होतं.

---

जिभेचा_शेंडा

वर ‘इसिकोको’ लिहिलंय, तिथे ‘क’ नाही. रोमन लिपीत झुलू लिहिताना तीन अक्षरं चुटकीसारख्या आवाजांना दिलेली आहेत. सी म्हणजे हळहळताना आपण ‘च्च च्च’ करतो तो आवाज. एक्स म्हणजे टांगेवाला घोड्याला चालवताना गालाच्या कडेने काढतो तो. क्यू म्हणजे जीभ टाळूला चिकटवून बुच उडाल्यासारखी सोडायची.

तेव्हा तक्त्यावर सीच्या जागी ‘च्’ लिहा आणि खाली रेघ द्या: इसिचोचो, राजा चेट्श्वायो. मुलं श्वास आत ओढून आवाज काढायला जातात आणि पुढचा स्वर तुटतो. श्वास ओढायचाच नाही, काम फक्त जिभेचं. आधी नुसतं ‘च्च’, मग ‘च्च-ओ’, मग दोन्ही एका दमात. सोपं एक आहे: पीएच म्हणजे ‘फळ’मधला फ, टीएच म्हणजे ‘थांब’मधला थ. इंग्रजी वळणाने म्हणू नका, मराठी तोंडाला हे आयतेच येतात.

---

खानापूरचा_मास्तर

फार उपयोग झाला. मधलं घर काढून गोठा करतो. लोबोलाचं तेवढं राहिलं.

---

निपाणीची_वाचक

हुंडा नव्हे सर, नेमकं उलट. गुरं मुलाकडून मुलीच्या घरी जातात. आपल्याकडचा जुना शब्द आहे तो देज, तोच लिहा. १८६९ मध्ये नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने सामान्य माणसासाठी कमाल दहा गुरं ठरवली, त्यावर मुलीच्या आईची एक गाय वेगळी, इन्ग्कुथू. म्हणून आज अकरा म्हणतात. ती गुरं सहसा खायची नसतात. मुलीच्या भावाचं लग्न त्यांच्यावर होतं, आणि हिशेब वर्षानुवर्षं चालू राहतो. आता बरेचदा रोख देतात, पण बोलणी गुरांच्या आकड्यातच होतात.

याच तक्त्यावर ह्लोनिफाही घ्या. सून सासऱ्याचं नाव घेत नाही इतकंच नव्हे, त्या नावातले आवाज ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळते आणि दुसरे वापरते. राजाच्या नावालाही हाच नेम होता. म्पांडे राजाच्या काळात झाडाच्या मुळाला इम्पांडे म्हणायचं सोडून लोक इन्ग्क्साबो म्हणू लागले. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या बायका प्रदर्शनाला येतीलच, त्यांना हे टेबल सगळ्यात आधी कळेल.

मोठ्या सुनेसाठी बाहुली करत असाल तर इसिचोलो ही लाल, वर रुंद होत जाणारी टोपी आणि इसिद्वाबा हा चुण्यांचा कातडी घागरा द्या. लग्न न झालेल्या मुलीला टोपी नको.