घरचा धाक आणि पहिली-दुसरीतली मुले

प्राथमिक शिक्षिका, डिचोली

पहिली-दुसरीतले मूल शाळेत रुळते की कोमेजते, हे त्याच्या हुशारीपेक्षा घरी त्याच्याशी कसे वागले जाते यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी एखादे अक्षर चुकले की पान फाटेपर्यंत रबराने घासत राहते आणि मग वही दप्तरात लपवून, पोटात दुखते म्हणून सांगते. तिच्यावर घरी कोणी हात उगारत नाही. मात्र रोज संध्याकाळी वही तपासली जाते आणि खाडाखोड दिसली की तिच्याशी अबोला धरला जातो. चूक अक्षरापुरती आहे की आपणच घरच्यांना नकोशा झालो आहोत, हे समजायला सहा वर्षांचे वय पुरत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1967 मध्ये बालवाडीतल्या मुलांविषयी नोंदवले होते की, केवळ आज्ञापालन मागणाऱ्या पालकांची मुले अधिक असमाधानी आणि अलिप्त राहतात. नियम ठाम ठेवूनही मुलांचे ऐकून घेणाऱ्या पालकांची मुले आत्मनिर्भर होतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. घरात मात्र हे भान पालकांनीच ठेवायचे आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

बाई, त्या मुलीविषयी तुमची कळकळ रास्त आहे, पण त्यावरून धाकालाच दोषी ठरवणे मला पटत नाही. बॉमरिंड यांच्याच अभ्यासात स्वतःवर ताबा ठेवण्यात सर्वांत मागे पडलेली मुले मोकळीक देणाऱ्या घरांतली होती, हे तुम्ही सांगितले नाही. शिवाय रूथ चाओ यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या मातांचा अभ्यास करून दाखवले की, बाहेरून कडक दिसणाऱ्या वागण्यामागे मुलाला घडवण्याची आस्था आणि जवळीक असू शकते; अशा घरांना केवळ आज्ञापालन मागणाऱ्या हुकूमशाही पालकांच्या वर्गात ढकलणे चुकीचे आहे. आपल्याकडची कितीतरी घरे अशीच आहेत. जेवताना हातातला मोबाईल काढून घेतला म्हणून ताट भिरकावणारे मूल वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही, त्याच्याशी कोणी खेळत नाही, आणि त्याचे एकटेपण त्या मुलीच्या भीतीपेक्षा कमी नसते.

पालक, वाळपई

सर, तुम्ही दोघेही मूल म्हणजे ओली माती असल्यासारखे बोलता आहात. माझी दोन्ही मुले एकाच घरात, एकाच शिस्तीत वाढली. थोरला पहिल्याच दिवशी वर्गात मिसळला, धाकटी मात्र गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत रोज फाटकाशी रडत होती. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 पासून केलेल्या दीर्घ अभ्यासात साधारण 15 टक्के मुले नव्या जागी हळूहळू रुळणारी आढळली होती, आणि पालकांचे वागणे मुलाच्या स्वभावाशी जुळते की नाही याला त्यांनी महत्त्व दिले होते. रडणारे मूल पाहिले की आईबापांचा आवाज चढतो, तेव्हा शिक्षकांना घरचा धाक तेवढा दिसतो. आधी काय घडले ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. माझे यजमान जहाजावर असतात. ते फोनवरून एक सांगतात, सासूबाई दुसरे सांगतात, आणि मी कामावरून आल्यावर तिसरे. धाकटीला त्याचाच अधिक त्रास झाला असावा.

प्राथमिक शिक्षिका, डिचोली

ताई, स्वभावाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि घरातल्या मोठ्यांत एकवाक्यता नसणे हे कारण मीही वर्गात पाहते. परंतु मूल स्वभावाने भित्रे असेल तर घरच्यांची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. सर, शिस्त नको असे मी कुठेही म्हटलेले नाही. वही जरूर तपासावी, चुकीचे अक्षर पुन्हा काढून घ्यावे, पण त्यानंतर मुलाला जवळ घेऊन त्याच्याशी नेहमीसारखे बोलावे. चाओ यांनी सांगितलेली जवळीक मुलाला जाणवली तरच ती जवळीक आहे, आणि अबोल्यात ती कशी जाणवणार?

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

अबोल्याविषयी मी तुमच्याशी सहमत आहे. तो शिस्तीत मोडत नाही. मात्र पालकसभेत हा विषय काढाल तेव्हा मोबाईल आणि हट्ट यांविषयीही तितक्याच स्पष्टपणे बोला, कारण धाकाविरुद्धचे बोलणे ऐकून काही पालक नियमच सोडून देतात, हे मी शाळेत असताना वारंवार पाहिले आहे.