नवोदयला नाव लागलंय, पण लेक एकदा हो म्हणते, एकदा नाही

विटेकरीण

नमस्कार. खानापूर तालुक्यात आमचं गाव. मालक एसटीत कंडक्टर, मी घरी ब्लाउज शिवते. थोरली झेडपीच्या शाळेत पाचवीला आहे, तिचं यंदा पलूसच्या नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीसाठी नाव लागलं. गावात बोर्ड लागला, पेढे वाटून झाले, आणि आता घरात दुसरा विषयच नाही.

तिला विचारलं तर समोरचं माणूस बघून उत्तर देते. बाबांसमोर "जाणार", आजीच्या कुशीत शिरली की "मला नाही जायचं". तिची मैत्रीण विट्याला हायस्कूलात सेमी-इंग्लिशला चाललीय, दोघी पहिलीपासून एका बाकावर. त्यात दीर म्हणतात, एवढी हुशार आहे तर इंग्लिश मीडियमला घाला, निम्मी फी मी भरतो. मन मोठं आहे त्यांचं. पण सातवीची, आठवीची कोण भरणार, यावर काही बोलत नाहीत.

सहावीच्या प्रवेशाची परीक्षा एकदाच देता येते, सोडलं तर गेलं, हे मालक रोज ऐकवतात. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला काय कळतंय. मला उलट वाटतं, तिला बरंच कळतंय, ती आम्हाला सांगत नाही. अकरा वर्षांच्या लेकीला किती विचारायचं? आणि नाही म्हणाली तर ऐकायचं का?

आबा_तासगावकर

विचारायचं कशाला? ८० प्रश्न सोडवून जिल्ह्यातनं नंबर काढलाय पोरीनं. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, सगळं फुकट. लोक क्लासला पैसे ओततात तरी नाव लागत नाही. पाठवा आणि मोकळे व्हा.

नीलगिरी_हाऊस

आबा, मोकळे आईबाप होतात, पोर नाही होत.

ताई, मी नवोदयचीच, पण दुसऱ्या जिल्ह्यातली. सहावी ते बारावी तिथेच काढली आणि लेकीलाही आनंदाने पाठवीन. पण "जाणार का?" असं विचारूच नका. त्याला मूल काय उत्तर देणार! बारीकसारीक विचारा. पहाटे उठून पीटीला जावं लागेल, जमेल? आपले कपडे आपण धुशील? स्वतःच्या वेण्या स्वतः घालता येतात? हसू नका, मला येत नव्हत्या. पहिले काही महिने वरच्या वर्गातल्या एका ताईने घातल्या, त्या बदल्यात मी तिची बादली भरून ठेवायचे. मोबाइल ठेवता येत नाही, आईबाबा ठरलेल्या दिवशीच भेटतात. भाजी नावडती असली तरी तीच.

आणि हे आत्ताच सांगून ठेवा: नववीत साधारण ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी हिंदी पट्ट्यातल्या नवोदयला पाठवतात, तिकडची मुलं आपल्याकडे येतात. माझ्या आईला हे मी आठवीत असताना कळलं आणि घरात रडारड झाली. मी गेले, मजेत राहिले, ती गोष्ट वेगळी.

पैशाचं म्हणाल तर नववीपासून विकास निधी घेतात, पण मुलींना तो माफ आहे.

खडू_फळा

मी झेडपीचा शिक्षक. माझ्या वर्गातली मुलं नवोदयला गेलीत, त्यातली काही परतही आलीत. परत येण्याची एवढी धास्ती घेऊ नका. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आहे: वर्षाच्या मधेच आली तरी झेडपीची किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. परतीची वाट आहे एवढं मुलीला कळलं, तरी निम्मी भीती जाते. नुसतं "जाऊन तर बघ" म्हणू नका, परत आलीस तर कुठल्या शाळेत जाशील तेही सांगा.

तुम्ही सोडलेली जागा वाया जात नाही, प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळते. नववीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण जागा मोजक्याच, तिच्या भरवशावर राहू नका.

दिरांच्या सूचनेबद्दल स्पष्टच बोलतो. पाचवीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल सहावीला एकदम सगळे विषय इंग्रजीत शिकायला लागलं, की हुशार असूनही वर्षभर गप्प बसतं. नवोदयमध्ये सुरुवातीची वर्षं मातृभाषेत शिकवतात, गणित-विज्ञान इंग्रजीत जातं ते नंतर. विट्याचं सेमी हा मात्र चांगला पर्याय आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, ते तुमच्या मालकांना मी काय सांगायचं! तिथे गेली तर पोरीचं नुकसान होईल असं अजिबात नाही.

विटेकरीण

सगळ्यांचे आभार. नीलगिरीताई, काल काजं करायला तिला शेजारी घेऊन बसले आणि तुमचेच प्रश्न विचारले. पीटी, कपडे, भाजी, कशालाच ती घाबरत नाही. वेण्या येत नाहीत, पण म्हणते केस कापून टाकू. मैत्रिणीचंही फार मनाला लावून घेतलेलं नाही, ते आम्हीच धरून बसलो होतो.

मग मान खाली घालून म्हणाली, "तिथं पाळी आली तर कुणाला सांगायचं?" चुलत बहिणीला यंदाच आली, तेव्हापासून हे डोक्यात होतं. बाबांना सांगता येईना, आजीला विचारलं तर आजी "गप बस" म्हणाली. दुसरं, आजी आजारी पडली तर मला खरं कळवणार का, की परीक्षा आहे म्हणून लपवणार?

दुसऱ्याचं उत्तर मी दिलं, कळवणार. सासूबाईंकडूनही कबूल करून घेतलं. पहिल्याचं तुम्ही सांगा.

नीलगिरी_हाऊस

मुलींच्या हाऊसला, म्हणजे वसतिगृहातल्या गटाला, शिक्षिकाच प्रमुख असतात, राहायलाही आवारातच असतात, शिवाय मेट्रन. कागदपत्रं तपासायला जाल तेव्हा लेकीला सोबत न्या आणि त्या मॅडमची गाठ घालून द्या. तुम्ही दोन मिनिटं बाजूला व्हा, तिचं तिला विचारू दे. घरून निघताना एक छोटी पिशवी तयार करून द्या: पॅड, जास्तीचे आतले कपडे, जुनी वर्तमानपत्रं. आणि पॅड कसं लावायचं ते आत्ताच दाखवा. हायस्कूलला गेली तरी लागणारच आहे.

खडू_फळा

कागदांमध्ये तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झाल्याचा दाखला लागेल. मुख्याध्यापकांची सही सुट्टी लागायच्या आत घ्या, नाहीतर त्यांना शोधत गावोगाव फिरावं लागतं.