प्रतिसाद: किटच्या बिअरला अंग आणि वास

घरी बिअर करण्याच्या तयार किटबद्दलच्या (डब्यातील माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, अर्कात पाणी आणि यीस्ट घालून बिअर करायची) चर्चेत आलेल्या मुद्द्यांवर थोडी भर घालतो: किटची बिअर पातळ लागते, तिला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास येत नाही, आणि हा उद्योग जळगावात जमेल का. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाच्याच्या घरी मी हा प्रकार जवळून पाहिला आहे. १.७ किलोच्या डब्यापासून २३ लिटर बिअर करताना किलोभर साखर घातली, तर यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करते आणि मागे काही उरत नाही. साखरेऐवजी माल्टची पावडर घातली, तर तिच्यातील न आंबणाऱ्या शर्करांमुळे बिअरला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, येते. डब्यातील अर्क आधीच कडू केलेला असल्याने हॉप्स तासभर उकळण्यात अर्थ नाही. त्यांची सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात (कोथिंबीर कोणी फोडणीत जाळत नाही), म्हणून ते किण्वन (आंबण्याची क्रिया) ओसरल्यावर थेट भांड्यात टाकावेत.

जळगावचे म्हणाल, तर परवान्याशिवाय घरी बिअर करणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय एल या बिअरच्या प्रकारासाठी लागणाऱ्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश तापमान मानवते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. माठासारखे ओले गोणपाट गुंडाळूनही तेवढा गारवा मिळणार नाही.