मदत हवी आहे: २४ जणींचं निवासी शिबिर, तोरणमाळ की आणखी कुठे?

मंडळी, रामराम. बचतगटांच्या २४ कार्यकर्त्यांचं दोन मुक्कामांचं शिबिर जानेवारीत घ्यायचं आहे. बाया जळगाव, चोपडा, शिरपूर, चाळीसगावहून येतील. तिघींसोबत लहान लेकरं. वर्षाच्या कामाची वाटणी ठरवायची आहे, आणि दोन गटांतली जुनी नाराजीही बोलून मोकळी व्हावी. बहुतेकींना तोरणमाळ हवंय. जागा कशी पारखायची, सत्रं कशी लावायची?

तापीकाठ:
ताई, तोरणमाळची सहल वेगळी काढा. चाळीसगावच्या बायांना धुळे-शहादा करत वर घाट चढेपर्यंत पाच-सहा तास लागतील, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस गाडीतच. शिवाय जानेवारीत वर रात्री कडाक्याची थंडी, सोबत लेकरं. चाळीसगावजवळचं पाटणादेवी हे ठिकाण सुंदर आहे, पण ते गौताळा अभयारण्यात. अंधारानंतर हालचालीवर मर्यादा आणि रविवारी भाविकांची वर्दळ.

तुमच्या चारही गावांना अमळनेर मधलं पडतं. जळगावहून सुरत लाइनची रेल्वे आहे, बाकीच्यांना एसटीनं साधारण दोन तास. फक्त मंगळवार टाळा, मंगळग्रह मंदिरामुळे गावात गर्दी असते. आणि शेजारी मंगल कार्यालय नाही ना, हे आधी बघा. संक्रांतीनंतर लग्नं सुरू झाली की डीजेपुढे कुठलंच सत्र टिकत नाही.

फोटोवर जागा ठरवू नका, जाऊन बघा. २४ खुर्च्यांचा गोल साधारण १८-१९ फूट व्यासाचा होतो. मागून फिरायला जागा धरली तर हॉल ३० बाय ३० फूट हवा आणि मधे खांब नको. आत उभं राहून टाळी वाजवा. आवाज घुमला तर सतरंज्या जास्त मागवा. संडास सहा जणींमागे एक, कड्या आतून लागतात का तेही बघा. १५ लिटरच्या गीझरला एकदा तापायला २०-२५ मिनिटं लागतात आणि त्यात जेमतेम दोन अंघोळी होतात. एकाच गीझरवर सगळ्यांचं उरकायला चार तास! दोन बंब सांगून ठेवा.

गोलातली_खुर्ची:
जागेचं वर आलंच आहे. सत्रांत हमखास चुकतं ते ओळखीचं. प्रत्येकीला दोन मिनिटं म्हटलं तरी ४८ मिनिटं होतात, आणि दहाव्या बाईनंतर कुणी ऐकत नाही. आधी जोडीत पाच-पाच मिनिटं, मग चौघी-चौघींचे सहा गट. मोठ्या गोलात गटातली एकच बोलेल. चिठ्ठ्या टाकून गट पाडा, नाहीतर गाववारीच बसतात. अध्यक्षांनी प्रत्येक विषयावर शेवटी बोलायचं, हे त्यांना आदल्या दिवशी एकट्यात सांगा.

नाराजीचं सत्र पहिल्या दिवशी नको, अजून भीड असते. शेवटच्या दिवशी तर नकोच: उकरलेलं तसंच घेऊन बाया घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी १० ते साडेबारा घ्या. एक नियम फळ्यावर लिहा: "तू नेहमी अशीच" नाही, तर "अमुक तारखेला अमुक झालं, मला असं वाटलं". समोरचीनं आधी ऐकलेलं परत सांगायचं, मगच उत्तर. हे सत्र चालवणारी व्यक्ती दोन्ही गटांबाहेरची हवी.

दुपारी वरणबट्टी ठेवलीत तर दोन ते साडेतीन कुणी जागं नसतं. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी, वरणबट्टी रात्री.

धागाकर्ती: लेकरांचं काय करावं? आणि कामाची वाटणी कधी?

गोलातली_खुर्ची:
लेकरांना हॉलशेजारची खोली आणि पगारी सांभाळणारी बाई द्या. शिबिरातलीच एक बसवली तर तिचं शिबिर बुडतं. वाटणी तिसऱ्या दिवशी नऊ वाजता, बॅगा भरायच्या आधी. कागदावर तीनच रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. "आपण सगळ्या" असं नाव लिहू देऊ नका. चुन्याच्या भिंतीला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून कागद टांगायला सुतळी आणि कपड्यांचे चिमटे सोबत ठेवा.