हप्ता सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

बार्शीकर_पुण्यात
आईच्या नावावर बार्शी तालुक्यात सव्वातीन एकर आहे. आई सहा वर्षांपासून पुण्यात माझ्याकडे. पीएम किसानचे वर्षाला ६०००, २०२३पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे आणखी ६०००, असे १२ हजार हप्त्याहप्त्याने तिच्या खात्यात बिनबोभाट येतात. रान निम्म्या वाट्याने कसणारा माणूस गावातच राहतो. सोयाबीन तो पेरतो, फवारणी त्याची, रात्रीच्या लायटीला हरभऱ्याला पाणी द्यायला जातो तोही तोच. त्याला दमडी नाही, कारण नावावर गुंठाभर जमीन नाही. योजनेचं नाव 'किसान', पैसा उताऱ्याला! कसणाऱ्याला द्या, नाहीतर नाव तरी बदला.

फेरफार_१३
आधी आईचे १२ हजार त्याच्या हातावर ठेवा, मग बोलू. सरकारने कसणारा शोधायचा कसा? बटई, म्हणजे वाट्याने रान कसायला देणं, तोंडी असते. तलाठ्याने नोंद घ्यायची कुणाच्या शब्दावर? एकाच रानावर तिघं 'मी कसतो' म्हणून उभे राहतील. सातबारा निदान कागद तरी आहे. तो असूनही प्राप्तिकर भरणारे यादीत घुसलेच, मागाहून वसुलीच्या नोटिसा काढाव्या लागल्या.

काळी_माती
तोंडी का असते तेही सांगा की. कागद झाला की कूळ लागेल, म्हणजे कसणारा रानावर हक्क सांगेल, ही भीती. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाला कुळं मालक झाली, त्याची धडकी जुन्या मालकांच्या नातवांना अजून आहे. पीकविम्यालाही बटईदाराकडे नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तो कोण करून देतो? ओडिशाने शेतकऱ्यांना मदतीच्या 'कालिया' योजनेत वाटेकरी धरले होते, म्हणजे अशक्य काही नाही.

सासरचं_रान
आमची दोन एकर, सासऱ्यांच्या नावावर. पेरणीच्या तोंडावर हप्ता आला तर त्यातून डीएपी खताची गोणी येते. छापील १३५०, शिवाय दुकानदार लिंकिंगची, म्हणजे खतासोबत घ्यायलाच लावलेली, बाटली गळ्यात मारतो ती वेगळीच. हप्त्यासाठीच्या केवायसीला सासऱ्यांचा अंगठाच उठेना. आयुष्यभर खुरपं धरून रेषा झिजल्यात. सेतूत किती खेटे घातले, विचारू नका. आधी हे नीट करा, वाटेकऱ्यांचं नंतर बघू.

आडत_बाजार
सगळे हप्ते बंद करा, भाव द्या. २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८, माझा माल गेला ४१००ने. क्विंटलमागे १२२८ खाल्ले आणि वर म्हणे सन्मान निधी.

सासरचं_रान
आम्हाला आठ क्विंटल झालं. आठ गुणिले १२२८, दहा हजारसुद्धा भरत नाहीत. भावाने ऐंशी क्विंटलवाल्याची चंगळ होईल. हप्ता त्याला आणि आम्हाला सारखाच मिळतो, तेच टोचतंय का दादा?

काळी_माती
ताई, हिशोब बिनतोड. पण भाव वाढला तर निम्मा वाटा कसणाऱ्याच्या घरात जातो. हप्त्यातलं काहीच जात नाही.

बार्शीकर_पुण्यात
@फेरफार_१३, दिवाळीला पाच हजार द्यायला गेलो होतो. म्हणाला, "उचल म्हणून मांडा." फुकटचे घेतले असं गावात व्हायला नको होतं त्याला. मग आईकडे भाडेकराराचा विषय काढला, म्हटलं विमा तरी त्याच्या नावाने निघेल. आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पैसे किती द्यायचे ते दे बाबा त्याला. कागदबिगद करायचा नाही."